गजकर्णाचे बदलते स्वरूप

गजकर्ण (नायटा, दाद) : त्वचा, केस व नखे यांतील केराटिन या प्रथिनावर जगणाऱ्या बुरशींमुळे होणारा संसर्गजन्य रोग. जांघ, कंबर, काखा व नितंब या घाम साचणाऱ्या जागी तो जास्त होतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील चिखल्यांमागेही अनेकदा हीच बुरशी असते. छाती-पाठीवर पांढुरके डाग पाडणारी शिबे मात्र मॅलासेझिया या वेगळ्या बुरशीमुळे उठतात.

विसाव्या शतकात ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी जगभर पसरली आणि भारतातही दीर्घकाळ तिचेच प्राबल्य होते. पावसाळ्यात जांघेत एखादा चट्टा उठे आणि दोन-चार आठवडे मलम लावले की जाई. २०१० नंतरच्या दशकात हे चित्र पालटले. आता चट्टे मोठे, अनेक ठिकाणी आणि बारमाही दिसतात. चेहऱ्यावर येतात, तान्ह्या बाळालाही होतात, आणि एकाला झाले की घरातल्या इतरांनाही होतात. यामागील मुख्य बुरशी ट्रायकोफायटन इंडोटिनी होय. जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून २०२० मध्ये तिचे स्वतंत्र जात म्हणून वर्णन केले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी एकीने परदेश प्रवास केलेलाच नव्हता.

टर्बिनाफिन हे औषध बुरशीतील स्क्वालीन इपॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) रोखते, त्यामुळे तिच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होत नाही. इंडोटिनीच्या बऱ्याच नमुन्यांत या विकराच्या जनुकात बदल झालेला असतो (बहुधा विकरात ३९७ व्या स्थानी फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसीन येते) आणि मग औषध विकराला नीट चिकटत नाही. रोज २५० मिग्रॅ.ची गोळी नेमाने घेऊनही चट्टा हटत नाही, तेव्हा दोष रुग्णाच्या हयगयीचाच असतो असे नाही.

रोग चिघळण्यात मोठा वाटा मेडिकलमधून परस्पर आणलेल्या मिश्र मलमांचा आहे. एकाच ट्यूबमध्ये क्लोबेटॅसॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात त्वचेची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशी पसरत राहते. चट्ट्याची ठळक कड पुसट होते किंवा कड्यात कडे उमटते. मलम थांबवताच खाज दुप्पट जोराने परतते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. जांघेत महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होऊन कायमचे चरे पडतात. २०१८ मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीची सक्ती झाली, तरी ती चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, ही खेदाची गोष्ट आहे.

तपासणीसाठी चट्ट्याच्या मधून नव्हे, तर खवलेदार कडेवरून खरवड घेतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० ते २० टक्के द्रावणात ती विरघळवली की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. बुरशीनाशक लावणे चालू असेल तर तंतू असूनही न सापडण्याची शक्यता असते.

सध्या इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाचा आधार अधिक घेतला जातो : रोज १०० ते २०० मिग्रॅ., अनेकदा सहा ते आठ आठवडे किंवा जास्त. नेहमीची कॅप्सूल जेवणासोबत घ्यावी. आम्लपित्ताच्या गोळीमुळे तिचे शोषण घटते. हृदय कमकुवत असलेल्यांनी ती घेऊ नये आणि इतर चालू औषधे डॉक्टरांना आधी सांगावीत. मलम चट्ट्याच्या बाहेर २ सेंमी.पर्यंत लावावे व चट्टा गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावे. घरातील बाधितांवर एकाच वेळी उपचार झाले नाहीत, तर रोग फिरत राहतो. टॉवेल व आतले कपडे वेगळे ठेवून ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. थंड पाण्यात बीजाणू टिकतात. कोकणातल्या पावसात कपडे दमट राहतात, तेथे शिवणींवरून इस्त्री फिरवणे उपयोगी पडते.

नखांच्या बाबतीत घाई चालत नाही. पायाचे नख महिन्याला १ ते १.५ मिमी. वाढते, त्यामुळे अंगठ्याचे नख पूर्ण बदलायला १२ ते १८ महिने लागतात. टर्बिनाफिनच्या १२ आठवड्यांच्या उपचारानंतरही ते पिवळे दिसते, यावरून औषध फसले असे ठरत नाही. फ्युझेरियमसारख्या बुरशींना हे औषध कमी लागू पडते आणि सोरायसिसमध्येही नख तसेच जाड होते, म्हणून आधी तपासणी हवी. उपचाराच्या सुरुवातीला निरोगी व रोगट भागांच्या सीमेवर कानशीने बारीक खूण करतात. खुणेमागे स्वच्छ नख वाढत असेल तर उपचार लागू पडला. रोगट भाग खूण ओलांडून मुळाकडे सरकला तर औषध बदलावे लागते.