पादचारी व सायकल पुलावरील शोभेची रोषणाई

फक्त पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी बांधलेल्या पुलाचे कठडे, केबल, कमानी किंवा तळ एलईडी दिव्यांनी उजळण्याची पद्धत. वाटेवरच्या नेहमीच्या दिव्यांपेक्षा ही व्यवस्था वेगळी असते. तिचा प्रेक्षक बहुतेक वेळा पुलावर नसतोच, तो काठावर किंवा शेजारच्या पुलावर उभा असतो. पुण्यात मुठा नदीवर पूल जवळजवळ असल्याने हा भेद चटकन जाणवतो.

रंग बदलणाऱ्या दिव्यांना सहसा डीएमएक्स ५१२ पद्धतीने आज्ञा दिल्या जातात. एका जोडणीत ५१२ चॅनेल, म्हणजे आज्ञांच्या स्वतंत्र वाटा, असतात. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग असलेल्या दिव्याला तीन चॅनेल लागतात, म्हणून एका जोडणीवर जास्तीत जास्त १७० दिवे स्वतंत्रपणे चालवता येतात. पांढरा चौथा रंग धरला तर १२८. एलईडी पट्ट्या बहुधा २४ व्होल्टच्या असतात. एकाच टोकाने वीज दिली की लांबच्या टोकाला विजेचा दाब (व्होल्टेज) उतरतो आणि तिथला पांढरा तांबूस दिसू लागतो, कारण लाल एलईडीला निळ्या-हिरव्यापेक्षा कमी व्होल्टेज पुरते. उपाय साधा आहे: ठरावीक अंतरावर पुन्हा वीज द्यायची.

नदीवर खरी परीक्षा पाण्याची. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सुटला की भिडे पूल पाण्याखाली जातो. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात लकडी पूलही बुडाला होता. आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची प्रतवारी) दर्जाचा दिवा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकावा अशी अपेक्षा असते. पूर तेवढ्यात ओसरत नाही. म्हणून ड्रायव्हर (दिव्यांना योग्य वीज पुरवणारे उपकरण) व जोडपेट्या पूररेषेच्या वर ठेवतात, आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर अनिवार्य मानला पाहिजे, कारण लोखंडी कठड्याला प्रत्येकाचा हात लागतो.

चालणाऱ्याला समोरून येणाऱ्याचा चेहरा आणि पायाखालची ओल दिसायला हवी. गडद निळ्या किंवा जांभळ्या उजेडात यातले काहीच नीट दिसत नाही. कठड्यातल्या उघड्या पट्ट्या सायकलस्वाराच्या डोळ्यांवर येतात. त्या हातपट्टीच्या (कठड्यावरच्या, हात टेकायच्या दांडीच्या) खालच्या अंगाला, जमिनीकडे तोंड करून बसवाव्यात. वाटेसाठी सुमारे ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पिवळसर पांढरा उजेड बरा. त्यात निळा अंश कमी असल्याने किडेही कमी जमतात. पळते, लुकलुकते नमुने गणेशोत्सवात शोभतात; रोज रात्री ते कोणाला हवे असतात, हा प्रश्नच आहे. दुचाकींनाही मोकळ्या असलेल्या झेड पुलावर संध्याकाळी टेकणाऱ्या जोडप्यांनी तर कधीच जादा उजेड मागितलेला नाही.

बसवल्यानंतरची डोकेदुखी म्हणजे मधलेच दिवे जाणे. वेगळ्या खेपेचा नवा दिवा जुन्या रांगेत रंगाने उठून दिसतो, त्यामुळे एकाच खेपेतले सुटे दिवे निविदेतच जास्तीचे मागवून ठेवणे शहाणपणाचे.