बालपरवेशी (कोकण किनारा)

बालपरवेशी : राज्याच्या चाकरीत, विशेषतः लढाईत, कामास आलेल्या माणसाच्या बायकामुलांच्या गुजराणीसाठी सरकारातून लावून दिलेली नेमणूक. कागदोपत्री 'बालपरवेसी' असाही पाठ आढळतो. नाव मुलांचे असले तरी विधवेचा समावेश त्यात गृहीत असे. प्रस्तुत नोंद कोकण किनाऱ्यावरील आरमार व जलदुर्ग आणि त्यांचे काम पुढे ज्यांच्याकडे आले ती पोलीस, सीमाशुल्क व तटरक्षक ही दले एवढ्यापुरती आहे.

प्रथेचा उगम वादग्रस्त आहे. काही अभ्यासक तो कोकणातील शिलाहार राजघराण्याच्या काळापर्यंत मागे नेतात आणि त्यासाठी बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांचा (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचा) दाखला देतात. या सहा शिळांपैकी काहींवर वल्ह्यांच्या नौकांची समुद्रावरील लढाई स्पष्ट कोरलेली आहे. त्यांच्या काळाविषयी एकमत नाही. जुन्या मताप्रमाणे त्या अकराव्या शतकातील ठरतात. दुसरे मत त्यांचा संबंध उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या संघर्षाशी जोडून त्या १२६५ च्या आसपास ठेवते. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख असल्याने दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. मात्र काळ कोणताही धरला तरी मूळ प्रश्न सुटत नाही. वीर स्वर्गात गेला, अप्सरांनी त्याला नेले, त्याने शिवाची पूजा केली, एवढे शिळा सांगते. त्याच्या घरच्यांचे पुढे काय झाले हे ती सांगत नाही. कर्नाटकात पडलेल्या वीराच्या वारसांना दिलेल्या जमिनीला 'नेत्तरगोडगे' अशी संज्ञा होती आणि तसे शिलालेखही आहेत. त्यावरून किनाऱ्यावरही तीच रीत असावी हे अनुमान संभवनीय आहे, सिद्ध नव्हे.

दुसरा आणि अधिक भक्कम आधार सभासद बखरीचा, म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद याने लिहिलेल्या शिवचरित्राचा. अफजलखानावरील विजयानंतर (१० नोव्हेंबर १६५९) शिवाजी महाराजांनी केलेली व्यवस्था तीत दिली आहे. कामास आलेल्यांच्या मुलांना चाकरीत घ्यावे, पुत्र नसेल त्यांच्या बायकांना निमे वेतन चालवावे, जखमींना जखम पाहून पंचवीस ते दोनशे होन (सोन्याची नाणी) द्यावेत, असा तिचा आशय. बखर जिंजी येथे १६९४ च्या सुमारास (काहींच्या मते १६९७) लिहिली गेली, म्हणजे प्रसंगानंतर निदान पस्तीस वर्षांनी. त्यामुळे होनांचे आकडे शब्दशः घेऊ नयेत; पण मुलाला चाकरी, निपुत्रिक विधवेला अर्धे वेतन आणि जखमीला एकरकमी रक्कम ही त्रिविध वाटणी लेखकाने कल्पनेने रचली असेल असे वाटत नाही. सभासद दरबाराच्या कारभाराशी जवळून परिचित होता. प्रथा शिवकालात रुजलेली, तर तिचे ठरीव नाव व दफ्तरी नोंदीची शिस्त पेशवेकाळात पक्की झालेली, हे मत सर्वांत कमी अडचणीचे आहे.

आरमाराच्या बाबतीत एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. देशावरील शिलेदाराच्या किंवा पाटलाच्या वारसाला इनाम जमीन देता येई. किनाऱ्यावर आरमारातले कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी हे बहुतेक रोजमुऱ्यावरचे, म्हणजे पगारी, लोक. त्यांची तरांडी (गलबते) सरकारी, आणि खाडीकाठची भातखाचरे आधीच खोतांच्या ताब्यात. तेव्हा येथे नेमणूक मुख्यतः रोख किंवा धान्यरूपाने होत असावी. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्र या राजनीतीवरील ग्रंथात (सु. १७१५-१६) आरमाराचा तनखा (वेतन) मुलखात नेमून द्यावा, बंदराच्या पैदास्तीवर (उत्पन्नावर) टाकू नये, अन्यथा सावकारांना उपद्रव होऊन बंदरे ओस पडतील, असे बजावले आहे. उपदेश वेतनापुरता आहे. पण वेतनच बंदराच्या जकातीवर अवलंबून असेल, तर मेलेल्याच्या घरची नेमणूक त्याहून डळमळीत असणार हे उघड आहे. कान्होजी आंग्रे (मृ. १७२९) यांच्या कुलाब्याच्या आरमाराला आणि १७५६ नंतर पेशव्यांच्या विजयदुर्ग व वसई या दोन आरमारी सुभ्यांनाही हेच लागू पडते.

१८१८ नंतर पेशव्यांचे कोकण इंग्रजी अमलाखाली गेले. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झाले. जुन्या इनामांची छाननी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनकडे आली. पेन्शनविषयक १८७१ च्या कायद्याने सरकारी नेमणुकांबाबतचे दावे कलेक्टरच्या दाखल्याशिवाय दिवाणी न्यायालयात चालेनासे झाले. त्यामागील भूमिका अशी, की नेमणूक ही सरकारची मेहेरबानी आहे, हक्क नव्हे. हे मत शंभर वर्षे टिकले. सर्वोच्च न्यायालयाने देवकीनंदन प्रसाद खटल्यात (१९७१) निवृत्तिवेतन हा हक्क मानला आणि नाकारा खटल्याने (१९८२) त्यावर शिक्कामोर्तब केले. अनुकंपा नियुक्तीबाबत (मृत कर्मचाऱ्याच्या वारसाला दिल्या जाणाऱ्या नोकरीबाबत) मात्र उमेशकुमार नागपाल खटल्यात (१९९४) उलट दिशेचा निर्णय आहे : ती वारसाहक्काने मिळत नाही, कुटुंबावर अचानक कोसळलेल्या आर्थिक संकटातून त्याला सावरण्यापुरतीच असते. सभासदाने वारसांसाठी सांगितलेल्या दोन सवलतींपैकी पैशाची सवलत आज हक्क ठरली, चाकरीची ठरली नाही. जुनी प्रथा आणि आजचे नियम यांत अखंड परंपरा मात्र शोधू नये.

महाराष्ट्रात राज्य कर्मचाऱ्यांचे, म्हणजे सागरी पोलीस ठाण्यांतील शिपायांचेही, कुटुंबनिवृत्तिवेतन १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांनी ठरते. सर्वसाधारण दर मूळ वेतनाच्या ३० टक्के. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांना जुनी योजना लागू नव्हती. त्यांपैकी सेवेत असताना मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना २०२३ मध्ये हे निवृत्तिवेतन देण्याचा निर्णय झाला. अनुकंपा नेमणुका गट क व गट ड मध्ये होतात आणि त्यासाठी प्रतीक्षासूची असते. ती पुढे सरकेपर्यंत उमेदवाराचे वय उलटून जाणे ही या योजनेची जुनी दुखरी जागा. तटरक्षक दल (कायदा १९७८) व सीमाशुल्क खाते केंद्राच्या अखत्यारीत येतात. केंद्राच्या २०१६ पासूनच्या दरांनुसार कर्तव्यावर अपघाती मृत्यू झाल्यास २५ लाख, अतिउंच प्रदेश, दुर्गम सीमाठाणी अशा ठरवून दिलेल्या ठिकाणी कर्तव्यावर असताना नैसर्गिक आपत्तीने मृत्यू आल्यास ३५ लाख आणि युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५ लाख रुपये सानुग्रह रक्कम मिळते. 

१९९३ मध्ये रायगडातील शेखाडी व दिघी येथे स्फोटके उतरवली गेल्यावर आणि विशेषतः २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्याच्या राखणीत मच्छीमारांची सागर सुरक्षा दले सामील झाली. त्यांतील मच्छीमार पगारी नसल्याने वरील नियम त्यांना लागत नाहीत. मृत्यू झाल्यास मच्छीमार म्हणून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील गट अपघात विम्याचे पाच लाख रुपये मिळू शकतात.

समुद्रावर माणूस बेपत्ता झाला आणि देह हाती आला नाही, तर मृत्यूचा पुरावा हीच मुख्य अडचण होते. पुरावा कायद्यानुसार सात वर्षे ठावठिकाणा नसलेली व्यक्ती मृत मानता येते. एवढा काळ घर चालणार कसे, म्हणून केंद्राने १९८६ पासून बेपत्ता कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी वेगळी तरतूद केली. तीत पोलिसांकडील तक्रार, शोध लागला नसल्याचा अहवाल आणि माणूस परत आल्यास रक्कम फेडण्याचे हमीपत्र घेऊन कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू करता येते.