दोन्हीकडे कागदच, पण सुई त्यातून जाते की नाही?

क्विल्टिंग, म्हणजे तुकडे जोडून आणि थर शिवून पांघरूण करणं, शिकायला घेतलं की 'पेपर पीसिंग' हे नाव दोनदा भेटतं. एक इंग्लिश, दुसरं फाउंडेशन. दोन्हींत कापडाचे तुकडे कागदाच्या मदतीने जोडतात, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण कागदाचं काम दोन्हींत अगदी वेगळं आहे.

इंग्लिश पद्धतीत कागद कापडाच्या आत असतो. जाडसर कागदाचा षटकोन कापायचा, सगळ्या बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, ठेवून कापड घ्यायचं आणि ती माया कागदावर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरायची. मग असे दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून, काठाला काठ लावून हाताने जोडायचे. जोडताना सुईने घडीचे दोन-तीन धागेच उचलायचे, कागदाला लागू द्यायची नाही. सहाही बाजूंना शेजारी आले की कागद अख्खा निघतो आणि पुन्हा वापरता येतो. ब्रिटनमध्ये 1718 साल कापडातच जोडून लिहिलेलं एक रेशमी पांघरूण जपून ठेवलं आहे, ते कागद वापरूनच जोडलेलं आहे. जुन्या पत्रांचे, हिशेबाच्या वह्यांचे कपटे अशा कित्येक पांघरुणांत राहून गेले आणि आज त्यांच्यावरून पांघरुणाचं वय काढता येतं. मला ही गोष्ट फार आवडते.

फाउंडेशन पद्धतीत कागद खाली असतो, नकाशासारखा. त्यावर नमुना छापलेला असतो, त्यातल्या खणांना, म्हणजे रेषांमधल्या कप्प्यांना, 1, 2, 3 असे आकडे असतात. कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला लावायचं आणि छापलेल्या बाजूने रेषेवर मशीनची टीप मारायची. इथे सुई कागदातून गेलीच पाहिजे. टाका दीड मिलिमीटरच्या आसपास बारीक ठेवायचा, म्हणजे कागदाला एकमेकांलगत भोकं पडतात आणि शेवटी तो फाडून काढताना शिवण ओढली जात नाही.

अवघड आहे ते इथेच. कापड दिसत नाही त्या बाजूने शिवायचं असतं. पहिला तुकडा सुलट बाजू वर ठेवून खण 1 वर बसवला. दुसरा त्याच्यावर सुलटीला सुलट लावून ठेवला, टीप मारली, माया पाव इंचावर कापली आणि तुकडा उलगडला. तर खण 2 चा एक कोपरा उघडाच! झाडाच्या पानाच्या माझ्या पहिल्या नमुन्यात हे तीनदा झालं आणि तीनदा ती बारीक टीप उसवावी लागली. आता मी टीप मारण्याआधी रेषेवर टाचण्या लावते, तुकडा उलगडते आणि कागद खिडकीला धरून बघते. खण आणि भोवतीची माया पूर्ण झाकली गेली, तरच मशीनवर बसते. तुकडे मुद्दाम मोठे घेते. सुरुवातीला कापड वाया गेलं तरी चालेल. शिवाय तयार चित्र छापलेल्याच्या उलट येतं. कागदावर डावीकडे झुकलेलं पान कापडावर उजवीकडे झुकतं. अक्षर असेल तर हे आधीच ध्यानात ठेवावं.

आपल्या गोधडीत कागद नसतोच. ठिगळं थेट जुन्या लुगड्यांच्या थरांवर ठेवून धावदोरा घालत जातात, सुलट बाजू सतत डोळ्यांसमोर. त्यामुळे गोधडीला सरावलेल्या हातालाही हा उलटा हिशेब नवाच.

कुठे काय वापरायचं? तीन तुकडे एका टोकाशी भेटतात अशी षटकोनांची फुलं असतील तर इंग्लिश पद्धत. मशीनवर ते कोपरे जुळवणं जिकिरीचं. होकायंत्रासारखी लांब, सुईसारखी टोकं हवी असतील तर फाउंडेशन. पण तिथे प्रत्येक टीप सरळ आणि क्रमानेच येते, म्हणून गुंतागुंतीचं चित्र आधी भागांत तोडून, ते भाग नंतर जोडावे लागतात. आणि हो, भाग एकमेकांना जोडून होईपर्यंत कागद फाडू नका. तोवर तोच तिरप्या कापलेल्या कडांना ताणण्यापासून वाचवतो.