बाब-अल-मंदेब

बाब-अल-मंदेब ही येमेन आणि पलीकडच्या जिबूती-एरिट्रियामधली चिंचोळी सामुद्रधुनी. अरबी नावाचा अर्थ 'अश्रूंचा दरवाजा'. सगळ्यात अरुंद जागी रुंदी साधारण 30 किमी, म्हणजे सीएसएमटीहून लोकलने ठाण्याला जावं एवढंच अंतर, त्यात पुन्हा मध्ये पेरिम बेट. उत्तरेला तांबडा समुद्र आणि त्याच्या टोकाला सुएझ कालवा, दक्षिणेला एडनचं आखात, आणि आशिया-युरोपमधला सुएझमार्गे जाणारा माल, जो 2023 पर्यंत जगाच्या व्यापाराच्या 12 टक्क्यांच्या घरात जायचा, तो जवळपास सगळा याच फटीतून.

येमेनमधल्या हूती बंडखोरांनी 2014 मध्ये राजधानी साना घेतली, 2015 पासून सौदीच्या आघाडीने त्यांच्यावर बॉम्ब टाकले, पण जगाच्या लेखी ते त्यांचं घरगुती भांडण. ऑक्टोबर 2023 मध्ये गाझामध्ये इस्रायल-हमास युद्ध पेटलं, हूतींनी पॅलेस्टिनींची बाजू घेतली, आणि 19 नोव्हेंबरला हूती हेलिकॉप्टरमधून 'गॅलेक्सी लीडर' नावाच्या जहाजाच्या डेकवर उतरले, 25 खलाशांना ओलीस धरलं, आणि जहाज किनाऱ्याजवळ नेऊन चक्क पिकनिक स्पॉट करून टाकलं, लोक सेल्फी काढायला यायचे. खलाशी सुटले थेट जानेवारी 2025 मध्ये. इस्रायलशी संबंधित जहाजंच मारतो असं हूती सांगत होते खरे, पण ज्यांचा काही संबंध नाही अशांवरही ड्रोन, मिसाईल पडायला लागली. 'रुबीमार' मार्च 2024 मध्ये बुडालं, पोटात सुमारे 21 हजार टन खत घेऊन.

आता खरी गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की जहाजं बुडाली मोजकीच, नुकसान झालं ते भीतीचं. वॉर रिस्कचा, म्हणजे युद्धाच्या धोक्याचा विमा आधी जहाजाच्या किमतीच्या 0.1 टक्क्याच्याही आत होता, तो एका फेरीला 1 टक्क्यापर्यंत चढला, म्हणजे 10 कोटी डॉलरच्या जहाजाला एका खेपेचे 10 लाख डॉलर. त्यापेक्षा आफ्रिकेला वळसा परवडला. केप ऑफ गुड होपवरून गेलं की 10 ते 14 दिवस जास्त लागतात, इंधन जास्त जळतं, आणि तेवढे दिवस जहाज आणि कंटेनर दोन्ही अडकून पडतात, मग ज्या मालाचा तांबड्या समुद्राशी काही संबंध नाही त्याचंही भाडं वाढतं. बर्लिनजवळचा टेस्लाचा कारखाना पार्ट न आल्याने जानेवारी 2024 अखेरपासून दोन आठवडे बहुतांशी बंद होता. इजिप्त या भांडणात कुठेच नाही, तरी सुएझची कमाई 2023 मधल्या सुमारे 10 अब्ज डॉलरवरून पुढच्या वर्षी 4 अब्जावर आली.

आपल्याकडे झळ बसली ती नाशिकच्या द्राक्षाला. निफाड-दिंडोरीचा माल न्हावाशेवाहून रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून रॉटरडॅमला जातो, आणि हे सगळं नेमकं ऐन सीझनमध्ये. तिकडे पेटी उघडल्यावर आधी देठ बघतात, हिरवा असेल तर माल ताजा. कोल्ड चेन कितीही चांगली असली तरी दहा-बारा दिवस वाढले की देठ तपकिरी पडतो, मणी गळायला लागतात, आणि भाव तिथेच पडतो. भाडं वाढलेलं असतंच, ते शेवटी व्यापारी बागेतल्या दरातूनच कापतो.

नौदलांचं लक्ष हूतींकडे गेल्यावर सोमाली चाचेही पुन्हा बाहेर आले. मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाता आणि आपल्या नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी 'रुएन' जहाज सोडवलं, 17 खलाशी वाचले आणि 35 चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. अमेरिकेची आघाडी डिसेंबर 2023 पासून आणि युरोपची फेब्रुवारी 2024 पासून तिथे होतीच, पण स्वस्तातलं ड्रोन पाडायला लाखो डॉलरचं मिसाईल सोडायचं हा हिशोब किती दिवस चालणार. 2025 च्या सुरुवातीला जरा शांत झालं, विम्याचे दर उतरू लागले, आणि जुलैमध्ये एकाच आठवड्यात 'मॅजिक सीज' आणि 'एटर्निटी सी' ही दोन जहाजं हूतींनी बुडवली.