सीडी झाली, तरी कॅसेट फेकू नका

‘मुलाखतीची सीडी काढली ना, मग कॅसेट फेका,’ हे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, अजून ऐकू येतं. साफ चूक. घरी लिहिलेल्या सीडीत आवाज रंगाच्या पातळ थरात असतो; ऊन, उष्णता लागली की तो थर खराब होतो. चंद्रपूरचा ४५ अंशांचा मे, वर टिनाचं छप्पर, मग काय उरणार! दंडारीतल्या (इथल्या लोकनाट्यातल्या) म्हाताऱ्या सोंगाड्याची कॅसेट मात्र सैल फीत पेन्सिलीनं गुंडाळली की पुष्कळदा वाजते. (बुरशी दिसली तर वाजवू नका.) तिची ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह (WAV, आवाज न आकसवता ठेवणारी) फाइल संगणकावर करा, स्टीरिओत तासाला साधारण १ जीबी. तीन प्रती, एक परगावी. डबीवर नाव, गाव, तारीख लिहा, नाहीतर आवाज कुणाचा हे नातवालाही सांगता येत नाही.