कोबोलमधील नेस्टेड इफ आणि पूर्णविराम

कोबोल या संगणकभाषेतल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये इफच्या (‘असे असेल तर’ या अटीच्या) पोटातला इफ कुठे संपतो, हे पूर्णविरामावरून ठरते. ओळ किती आत सरकवली आहे याकडे कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर, पाहत नाही. वाचणारा मात्र नेमके तेच पाहतो. कोबोल-८५ प्रमाणकात एन्ड-इफ (इफ संपवणारा शब्द) येईपर्यंत आतला इफ एकटा बंद करण्याची सोयच नव्हती. पूर्णविराम आला की उघडे असलेले सगळे इफ एकदम मिटत.

एल्स (‘नाहीतर’) हा अजून एल्स न मिळालेल्या सर्वांत जवळच्या इफला चिकटतो. समजा, ‘खाते चालू असेल तर’ या इफच्या आत ‘शिल्लक कमी असेल तर दंड आकारा’ असा इफ आहे. त्याखाली, बाहेरच्या इफच्या रांगेत, एल्स देऊन ‘बंद खात्यांच्या यादीत टाका’ असे लिहिले आहे. दिसायला बिनचूक, पण त्या यादीत पुरेशी शिल्लक असलेली चालू खाती जातात आणि बंद खाती सुटतात. व्याकरण बरोबर असल्याने कंपायल करताना अडत काहीच नाही.

पूर्वी प्रोग्रॅम ज्यांवर भोके पाडून नोंदवत, त्या पंचकार्डांच्या मांडणीमुळे या गोंधळात भर पडते. वाक्ये १२ ते ७२ या स्तंभांत, म्हणजे ६१ अक्षरांत बसवायची. चार-चार जागांनी आठ पातळ्या आत गेल्यावर २९ उरतात. ७३व्या स्तंभात ढकललेला पूर्णविराम लिस्टिंगमध्ये (कंपायलरने छापलेल्या प्रोग्रॅमच्या प्रतीत) दिसतो, पण कंपायलर तो वाचत नाही आणि पुढचे वाक्य इफमध्ये ओढले जाते. ही चूक सर्वांत चिवट.

वाय-टू-केच्या (सन २०००साठी दोन अंकी वर्षे दुरुस्त करण्याच्या) कामात, जे मुंबई-पुण्यातही मोठ्या प्रमाणावर झाले, दोन अंकी वर्ष तपासणारा नवा इफ जुन्या वाक्याच्या मध्येच घातला की त्यानंतरच्या सगळ्या क्रिया त्या अटीखाली जात. पूर्णविराम द्यावा, तर बाहेरचा इफ तुटे.

अशा जुन्या प्रोग्रॅमच्या दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्येक ‘नेक्स्ट सेंटेन्स’च्या जागी ‘कंटिन्यू’ (काही न करता पुढे जा) घालावे. नेक्स्ट सेंटेन्स थेट पुढच्या पूर्णविरामापलीकडे उडी मारतो. तो तसाच ठेवून मधले पूर्णविराम काढले, तर उडी परिच्छेदाच्या टोकापर्यंत लांबते. मग उघड्या इफइतके एन्ड-इफ मोजून घालावेत. आयबीएमच्या एंटरप्राइज कोबोलच्या लिस्टिंगमधला ‘एसएल’ स्तंभ वाक्य किती इफच्या आत आहे त्या पातळीचा आकडा देतो, त्यावरून ताळा घ्यावा. इंडेंटेशन (ओळी आत सरकवणे) सर्वांत शेवटी आणि वेगळ्या बदलात: फक्त रिकाम्या जागा हलल्या असतील, तर कंपायलच्या तारीख-वेळेखेरीज ऑब्जेक्ट कोड (कंपायलरने तयार केलेला यंत्रकोड) तोच निघायला हवा.