फ्लॅश लावला की रात्रीचं शहर उजळतं?
"रात्री शहराचा फोटो काढायचा तर फ्लॅश हवाच," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. अंधार म्हटलं की दिवा आठवणारच, त्यामुळे तो पटतोही. पण मोबाईलचा फ्लॅश जेमतेम दोन-चार मीटर पोचतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. लातूरच्या गंजगोलाईत उभं राहून समोरची दुकानं टिपायची तर त्याचा उपयोग शून्य. उलट जवळची धूळ पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात धुळीला काय तोटा!

खात्री करायचीय? गच्चीच्या कठड्यावर मोबाईल नीट टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा. एक फोटो फ्लॅशसह, एक त्याच्याशिवाय. दूरच्या खिडक्या मोठ्या करून बघा: फ्लॅशनं तिथे काहीच भर पडलेली नसते. समोर दोन पावलांवर माणूस उभा असेल, तर मात्र फ्लॅश कामाचा.